संगणक कार्यालयाचा, पण माणूस संविधानाचा

महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने दि. २८ जुलै २०२५ रोजी एक शासन निर्णय काढला. शासकीय कर्मचाऱ्यांनी समाजमाध्यमे कशी वापरावीत याचे नियम त्यात आहेत. शासनाच्या धोरणावर प्रतिकूल टीका करू नये, वैयक्तिक आणि कार्यालयीन खाते वेगळे ठेवावे, गोपनीय कागदपत्रे परवानगीशिवाय पुढे पाठवू नयेत, प्रोफाईलचा फोटो सोडून इतरत्र शासकीय पदनाम, बोधचिन्ह, गणवेश, वाहन, इमारत दाखवू नये, द्वेष पसरविणारा किंवा भेदभावाला चिथावणी देणारा मजकूर टाकू नये, असा त्याचा आशय आहे. प्रतिनियुक्तीवरचे, कंत्राटी, महामंडळांचे आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचे कर्मचारीही त्यात आले. नियम मोडला तर शिस्तभंगाची कारवाई होणार.

वर्तमानपत्रांतून दोन-चार दिवस या निर्णयाची चर्चा झाली आणि विषय मागे पडला. आमच्या मते तो मागे पडू देण्यासारखा नाही. आज तलाठ्यापासून मंत्रालयातील कक्ष अधिकाऱ्यापर्यंत आणि हिंजवडीच्या कंपनीपासून ऐरोलीच्या कॉल सेंटरपर्यंत समाजाची मुले-मुली संगणकासमोर बसून पोट भरतात. त्यांच्या नोकरीचा गळा आवळायचा असेल तर पूर्वी फाईल गहाळ करावी लागे, खोटी तक्रार उभी करावी लागे. आता एक ई-मेल, एक व्हॉट्सअ‍ॅप संदेश, इंटरनेट वापराची एक नोंद पुरते. म्हणून कार्यालयातील इंटरनेट आणि ई-मेलच्या नियमांचा प्रश्न चळवळीने आपला प्रश्न म्हणून हाती घेतला पाहिजे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. नियम असू नयेत असे आमचे म्हणणे नाही. बँकेतील खातेदाराची माहिती, इस्पितळातील रुग्णाचा अहवाल, जात पडताळणीच्या प्रकरणातील कागदपत्रे कोणीही कोठेही पाठवू लागला तर नुकसान गोरगरिबांचेच होईल. नको ती फाईल उघडल्यामुळे संपूर्ण कार्यालयाचे संगणक बंद पडल्याची उदाहरणे आहेत. कामाच्या वेळेत क्रिकेटचा सामना पाहणाऱ्याला जाब विचारलाच पाहिजे. आमचा आक्षेप वेगळा आहे. नियम सर्वांना सारखा लावला जात नाही, तो ज्याला पाळायचा आहे त्याला समजेल अशा भाषेत मिळत नाही आणि त्याच्याआड जातीचा हिशेब चुकता केला जातो, याला आमचा विरोध आहे.

शिस्तीच्या नावाखाली

कार्यालयीन शिस्त हे हत्यार आपल्यासाठी नवे नाही. साठच्या दशकात पुण्याजवळ खडकी येथील संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत बुद्ध जयंती आणि आंबेडकर जयंतीच्या सुट्ट्या रद्द करण्यात आल्या. दीनाभाना या चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याने त्याला विरोध केला. त्यांच्यावर शिस्तभंगाचा बडगा उगारला गेला. तेथेच नोकरीला असलेले कांशीराम त्यांच्या पाठीशी उभे राहिले, डी. के. खापर्डे यांच्यासारखे सहकारी सोबत आले, न्यायालयीन लढाई झाली आणि सुट्ट्या परत मिळाल्या. पुढे ६ डिसेंबर १९७८ रोजी उभ्या राहिलेल्या बामसेफची मुळे या लढ्यात आहेत, हे चळवळीच्या वाचकाला सांगायला नको.

त्या काळी संगणक नव्हता. परंतु प्रश्न हाच होता. कार्यालयात कोणाचा सण हा सण आणि कोणाचा सण हा शिस्तभंग, हे कोण ठरविणार? आज तोच प्रश्न ई-मेलच्या पेटीत येऊन बसला आहे.

आमच्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. एका निमशासकीय कार्यालयातील लिपिकाने १४ एप्रिलनिमित्त होणाऱ्या रक्तदान शिबिराचे निमंत्रण कार्यालयीन ई-मेलवरून सहकाऱ्यांना पाठविले. तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली. आरोप होता, ‘कार्यालयीन साधनांचा खाजगी व धार्मिक कारणासाठी गैरवापर’. आम्ही त्याला एवढेच विचारले की, याच कार्यालयात सत्यनारायणाच्या महापूजेचे निमंत्रण कसे येते? त्याने सांगितले, दरवर्षी याच ई-मेलवरून येते, तेही साहेबांच्या सहीने. आम्ही माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायला लावला. मागील तीन वर्षांत कार्यालयीन ई-मेलवरून सर्व कर्मचाऱ्यांना पाठविलेली सण, पूजा, हळदीकुंकू, सहल यांची निमंत्रणे आणि त्याबद्दल कोणावर झालेली कारवाई, एवढीच माहिती मागितली. अर्ज पोहोचल्यावर काही दिवसांतच नोटीस गुंडाळण्यात आली.

येथे एक कायदेशीर मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम २ (च) मध्ये माहितीची जी व्याख्या दिली आहे, तिच्यात ई-मेल हा शब्द स्पष्टपणे घातलेला आहे. शासकीय आणि निमशासकीय कार्यालयातील कार्यालयीन ई-मेल ही साहेबांची खाजगी मालमत्ता नव्हे. आणि एकच कृती एकाने केली तर संस्कृती व दुसऱ्याने केली तर गैरवर्तन, हे संविधानाच्या अनुच्छेद १४ मध्ये बसत नाही.

नियम वाचला कोणी?

खाजगी कंपन्यांतील स्थिती आणखी वाईट आहे. नोकरीच्या पहिल्या दिवशी संगणकाच्या पडद्यावर वीस-पंचवीस पानांचे इंग्रजी धोरण येते. खाली ‘मला मान्य आहे’ असे बटन असते. ते दाबल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही आणि पगाराचे खातेही सुरू होत नाही. खेड्यातून आलेला, मराठी शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर मुलगा ते बटन दाबतो. कंपनी आपले ई-मेल वाचू शकते, पडद्याचे फोटो घेऊ शकते, कोणकोणत्या वेबसाईट पाहिल्या याची नोंद ठेवू शकते, हे सारे त्याने ‘मान्य’ केलेले असते. दोन वर्षांनी नोटीस येते तेव्हा त्याला कळते की आपण काय मान्य केले होते. याला संमती म्हणायचे काय?

या प्रश्नाचे उत्तर १९४६ सालीच देऊन ठेवलेले आहे. बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत एप्रिल १९४६ मध्ये औद्योगिक सेवायोजन (स्थायी आदेश) अधिनियम संमत झाला. त्यापूर्वी गिरणीत किंवा कारखान्यात मालक बोलेल तो नियम होता. गैरवर्तन म्हणजे काय, दंड किती, सुट्टी केव्हा, कामावरून काढायचे कसे, हे कोठे लिहिलेलेच नसे. या कायद्याने मालकाला नियम लिहून काढायला लावले. लिहिलेल्या नियमांवर कामगारांचे आक्षेप ऐकायला लावले. सरकारी अधिकाऱ्याकडून ते प्रमाणित करून घ्यायला लावले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मंजूर झालेले नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत फलकावर लावण्याची सक्ती कलम ९ ने केली.

कामगाराच्या भाषेत, कामगाराच्या डोळ्यांसमोर, या दोन अटींचा अर्थ आजच्या तरुणांनी नीट समजून घ्यावा. ज्या समाजाला हजारो वर्षे ग्रंथ वाचण्याची बंदी होती आणि त्याच ग्रंथातील नियमांनुसार शिक्षा मात्र होत होती, त्या समाजाला लिखित आणि सर्वांना वाचता येईल अशा नियमाची किंमत दुसऱ्या कोणी शिकविण्याची गरज नाही. वाचू न देता लादलेला नियम हा मनुस्मृतीचा वारसा आहे. तो संगणकाच्या पडद्यावर आला म्हणून आधुनिक होत नाही.

दुर्दैवाने या संरक्षणाचा घेर आता आवळला गेला आहे. १९४६ च्या कायद्यात शंभर कामगारांची आणि महाराष्ट्रात पन्नास कामगारांची मर्यादा होती. दि. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि स्थायी आदेशांसाठी तीनशे कामगारांची मर्यादा आली. म्हणजे दोनशे नव्याण्णव माणसे राबविणाऱ्या मालकाला आपले नियम प्रमाणित करून घेण्याचे बंधन उरलेले नाही. समाजातील किती मुले अशा लहान कंपन्यांत, कंत्राटदाराकडे, एजन्सीमार्फत काम करतात, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या वस्तीत करून पाहावा.

गुगलमध्ये काय घडले?

काही जणांना वाटते की जात ही गावाकडची गोष्ट आहे, मोठ्या कंपनीच्या काचेच्या इमारतीत ती शिरत नाही. त्यांच्यासाठी अमेरिकेतील एक घटना सांगतो. एप्रिल २०२२ मध्ये दलित इतिहास महिन्यानिमित्त गुगल न्यूजमधील कर्मचाऱ्यांसमोर थेनमोळी सौंदरराजन यांचे जातिभेदावर व्याख्यान ठरले होते. त्या इक्वॅलिटी लॅब्स या आंबेडकरी संघटनेच्या संस्थापक. वॉशिंग्टन पोस्टने जून २०२२ मध्ये दिलेल्या वृत्तानुसार, काही कर्मचाऱ्यांनी कंपनीच्या वरिष्ठांना ई-मेल पाठवून त्यांना हिंदूद्वेष्ट्या ठरविले. दक्षिण आशियाई कर्मचाऱ्यांच्या सुमारे आठ हजार जणांच्या अंतर्गत ई-मेल गटातही हा प्रचार झाला. व्याख्यान रद्द झाले. ते आयोजित करणाऱ्या वरिष्ठ व्यवस्थापक तनुजा गुप्ता यांचीच कंपनीने चौकशी लावली आणि त्यांनी राजीनामा दिला.

घटनेचा क्रम पाहा. ई-मेलची यंत्रणा एकच, कंपनीही एकच. जातिभेदावर बोलू नका म्हणणाऱ्यांच्या ई-मेलमुळे कार्यक्रम बंद पडतो आणि जातिभेदावर बोलू द्या म्हणणारीची चौकशी होते. खडकी आणि कॅलिफोर्निया यांच्यात समुद्र आडवा आला, पण रीत तीच राहिली.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या यंत्रणेने सिस्को कंपनीविरुद्ध दलित अभियंत्याला जातीवरून छळल्याचा दावा दाखल केला. त्यातील दोन व्यवस्थापकांवरचा दावा २०२३ मध्ये मागे घेतला गेला. परंतु या एका दाव्याने मोठमोठ्या कंपन्यांना विचार करायला लावला. अ‍ॅपल कंपनीने आपल्या कर्मचारी वर्तणूक धोरणात जात हा शब्द स्पष्टपणे घातल्याचे रॉयटर्सने ऑगस्ट २०२२ मध्ये प्रसिद्ध केले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराने जातिभेदाला बंदी घालणारा ठराव कायद्यात आणला. अमेरिकेतील कंपनीच्या धोरणात ‘जात’ हा शब्द येऊ शकतो, तर पुण्यातील, मुंबईतील, नागपुरातील कंपनीच्या धोरणात का येऊ नये? जातीचा जन्म येथला, आणि धोरणात नाव मात्र तिकडे!

पाळत कोणावर?

कार्यालयाच्या संगणकावर मालक किती पाळत ठेवू शकतो, यावर जगभरात न्यायालयांसमोर वाद झालेले आहेत. रुमानियातील बार्बुलेस्कू खटला त्यांत महत्त्वाचा. कंपनीने ग्राहकांशी बोलण्यासाठी उघडायला लावलेल्या याहू मेसेंजर खात्यावर एका अभियंत्याने भाऊ आणि वाग्दत्त वधूशी खाजगी गप्पा केल्या. कंपनीने त्या सगळ्या नोंदवून घेतल्या आणि २००७ मध्ये त्याला काढून टाकले. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ५ सप्टेंबर २०१७ रोजी ११ विरुद्ध ६ मतांनी कर्मचाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. पाळत ठेवणार हे आधी सांगितले होते काय, किती प्रमाणात ठेवली, कारण काय होते, कमी त्रासदायक मार्ग होता काय, कर्मचाऱ्यावर परिणाम काय झाला, हे प्रश्न विचारलेच पाहिजेत असे न्यायालयाने ठरविले. मालकाच्या हुकमाने कामाच्या ठिकाणचे माणसाचे खाजगी जीवन शून्यावर आणता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे.

हा निकाल भारतातील न्यायालयांवर बंधनकारक नाही. परंतु त्याच वर्षी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टास्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ आला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. आता या कायद्यातील मेख पाहा. इतरांच्या बाबतीत संमती घ्या म्हणणारा हाच कायदा कलम ७ मध्ये म्हणतो की, नोकरीच्या कारणासाठी किंवा मालकाला नुकसान अथवा जबाबदारीपासून वाचविण्यासाठी माहिती वापरायची असेल तर संमतीची गरज नाही. मालकाचे नुकसान टाळण्याची तरतूद झाली. मालकाने ती माहिती वापरून कर्मचाऱ्याचे नुकसान केले तर? कर्मचाऱ्याने घरी कोणते वृत्तपत्र वाचले, कोणत्या संघटनेला वर्गणी दिली, मोबाईलवर कोणाचा फोटो ठेवला, यावरून त्याची जात आणि विचार दोन्ही कळतात. मुलाखतीत आडनाव विचारून जे साधले जात होते, ते आता न विचारता साधता येते.

पाळतीची सुरुवात नेहमी सर्वांत खालच्या माणसापासून होते, हेही विसरता येणार नाही. नागपूर महानगरपालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. कामगार कोठे उभा आहे, किती वेळ थांबला, हे कार्यालयात बसून पाहता येऊ लागले. सफाईच्या कामात कोणत्या समाजाची माणसे आहेत, हे सांगण्याची आवश्यकता नाही. गटारीत उतरणाऱ्याला हातमोजे आणि मास्क वेळेवर मिळत नाही, पण घड्याळ मिळते! आणि त्याच्या कामाचा हिशेब ठेवणारा अधिकारी दुपारी दोन ते चार कोठे असतो, हे सांगणारे घड्याळ अजून कोणी काढलेले नाही.

शासकीय कार्यालयांत आणखी एक प्रकार सर्रास चालतो. विभागाचा एकच पासवर्ड असतो आणि तो कागदावर लिहून संगणकाच्या काचेला चिकटवलेला असतो. खाते कंत्राटी डाटा एन्ट्री ऑपरेटरच्या नावावर, वापर साऱ्या विभागाचा. काही भलतेसलते पाहिले गेले किंवा माहिती बाहेर गेली की नोटीस ऑपरेटरच्या नावाने निघते. असा ऑपरेटर बहुधा आपलाच असतो, कारण कायम पदे भरलीच जात नाहीत.

पुरावा मालकाच्या तिजोरीत

आता सर्वांत गंभीर मुद्द्याकडे येतो. इंटरनेट आणि ई-मेलच्या धोरणात अश्लील मजकूर नको, व्हायरस नको, कंपनीची बदनामी नको, हे सारे असते. परंतु कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आरक्षणावरचे विनोद फिरतात, ‘कोट्यातून आलेला’ म्हणून टोमणे मारले जातात, बाबासाहेबांविषयी गलिच्छ मजकूर पुढे पाठविला जातो, तेव्हा हे धोरण झोपी जाते.

ज्याचा छळ झाला तो जागा होतो तेव्हा त्याच्यापुढे पेच उभा राहतो. पुरावा असतो कार्यालयाच्या ई-मेलमध्ये. तो त्याने आपल्या खाजगी ई-मेलवर पाठवून घेतला तर ‘कंपनीची गोपनीय माहिती बाहेर नेली’ हा नवा आरोप लागतो. पाठवून घेतला नाही, तर निलंबनाच्या दिवशी त्याचे खाते बंद होते आणि पुरावा मालकाच्या तिजोरीत अडकतो. छळ करणाऱ्याच्या हातात किल्ली आणि छळ झालेल्याच्या हातात आरोपपत्र, अशी ही व्यवस्था आहे. वकिली करताना अशा प्रकरणांत आमची निम्मी शक्ती पुरावा बाहेर काढण्यातच जाते.

कायदा येथे अगदीच हतबल नाही. अत्याचार प्रतिबंधक अधिनियम, १९८९ मध्ये २०१५ च्या दुरुस्तीने गुन्ह्यांची यादी वाढविली आणि ती दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. लोकांसमक्ष केलेला जातिवाचक अपमान हा गुन्हा आहे. इंटरनेटवर टाकलेला मजकूरही लोकांसमक्ष ठरू शकतो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. मात्र कार्यालयाच्या बंद गटातील मजकूर ‘लोकांसमक्ष’ होतो की नाही, हे गटात कोण आहेत, किती आहेत यावर ठरते. म्हणून गटातील सदस्यांची यादीही जपून ठेवावी. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावे लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने जालन्याच्या निवडणुकीतून निघालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात २०२० साली पक्के केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही ती अट आहे. म्हणून नुसता पडद्याचा फोटो काढून स्वस्थ बसू नये. मूळ संदेश मोबाईलमध्ये जसाच्या तसा ठेवावा, मोबाईल विकू नये, बदलू नये.

लैंगिक छळाविरुद्ध १९९७ च्या विशाखा निकालानंतर आणि २०१३ च्या कायद्यानंतर दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक कामाच्या ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची झाली. जातीय छळासाठी अशी समिती खाजगी कंपनीत सक्तीची का नाही? स्त्रीचा अपमान झाला तर तिने जायचे कोठे हे कायद्याने सांगितले. बौद्ध, चर्मकार, मातंग, वाल्मीकी मुलाने किंवा मुलीने जातीचा अपमान सोसल्यावर जायचे कोठे? थेट पोलीस ठाण्यात? तेथपर्यंत जाण्याची हिंमत पहिल्या नोकरीतला मुलगा करीत नाही. तो राजीनामा देतो आणि घरी सांगतो की काम जमले नाही.

नोकर झालो म्हणून नागरिकत्व गेले काय?

पुन्हा शासन निर्णयाकडे येतो. शासकीय नोकराने शिस्त पाळलीच पाहिजे. परंतु शासकीय नोकर झाल्याने मूलभूत हक्क संपत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात १९६२ मध्येच सांगितले. त्रिपुरातील मत्स्य विभागाच्या एका महिला कर्मचाऱ्याला निवृत्तीला काही दिवस उरले असताना राजकीय सभेला हजर राहिल्याच्या आणि फेसबुकवरील मजकुराच्या कारणावरून निलंबित केले होते. त्रिपुरा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती अकील कुरेशी यांनी जानेवारी २०२० मध्ये ती कारवाई रद्द केली. शासकीय कर्मचाऱ्यालाही अभिव्यक्तीचा हक्क आहे आणि वैध कायद्यानेच त्यावर मर्यादा घालता येते, असे त्यांनी स्पष्ट केले.

म्हणून आम्ही विचारतो, शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही असे एखाद्या शिक्षकाने लिहिले तर ती धोरणावरची ‘प्रतिकूल टीका’ काय? अनुशेष भरा असे कर्मचारी संघटनेच्या पदाधिकाऱ्याने लिहिले तर तो शिस्तभंग काय? अनुशेष भरणे हे शासनाचे स्वतःचेच धोरण आहे. ते अंमलात आणा म्हणणे ही टीका नसून आठवण आहे. याच शासन निर्णयात भेदभावाला चिथावणी देणारा मजकूर नको असेही म्हटले आहे. मग आरक्षणाविरुद्ध विष ओकणाऱ्या किती कर्मचाऱ्यांवर त्याखाली कारवाई झाली, हा प्रश्न समाजातील प्रत्येक कर्मचारी संघटनेने लेखी विचारावा. निर्णय खरा की खोटा, हे त्याच्या उत्तरावरून कळेल.

काय करावे

समाजबांधवांनी काही गोष्टी आजपासून अंगवळणी पाडाव्यात. आपल्या कार्यालयाच्या इंटरनेट व ई-मेल धोरणाची प्रत लेखी मागावी आणि वाचावी. समजली नाही तर वस्तीतील वकिलाकडे, प्राध्यापकाकडे न्यावी. खाजगी बोलणे, संघटनेचे काम, वर्गणीचा हिशेब कार्यालयाच्या संगणकावर आणि कार्यालयाने दिलेल्या मोबाईलवर करू नये. पासवर्ड कोणालाही देऊ नये. वरिष्ठाने मागितला तर लेखी आदेश मागावा. नोटीस आली तर घाबरून माफीनामा लिहून देऊ नये, कारण तोच पुढे कबुलीजबाब म्हणून वापरला जातो. आरोपाचा आधार असलेल्या नोंदी, संगणकाचा क्रमांक, वेळ आणि त्या वेळी तेथे कोण होते याची कागदपत्रे मागावीत. खातेनिहाय चौकशीत पुरावा कायद्याचे काटेकोर नियम लागत नसले तरी नैसर्गिक न्यायाचे तत्त्व लागतेच. छळ झाला असेल तर त्याच दिवशी लेखी तक्रार करून संबंधित ई-मेल नष्ट करू नयेत अशी मागणी नोंदवावी आणि तिची पोच घ्यावी. पुढे कंपनीला ‘सापडत नाही’ म्हणणे सोपे जाणार नाही.

एकट्यादुकट्याने मात्र हे तडीस जाणार नाही. म्हणून कर्मचारी संघटनांनी आणि पक्षांनी शासनाकडे या मागण्या लावून धराव्यात. प्रत्येक आस्थापनेचे इंटरनेट व ई-मेल धोरण मराठीत असावे आणि फलकावर लागावे. पाळत ठेवणार असाल तर काय, किती, कशासाठी हे आधी सांगावे. गैरवर्तनाच्या यादीत जातिवाचक मजकूर स्पष्ट शब्दांत घालावा. तक्रारदाराने आपल्या छळाचा पुरावा जतन करणे हे गैरवर्तन समजू नये. जातीय छळाच्या तक्रारीसाठी खाजगी कंपन्यांतही समिती सक्तीची करावी आणि तिच्यात अनुसूचित जाती-जमातीचा सदस्य असावा. नियम लावताना सत्यनारायण आणि भीमजयंती यांना एकच माप असावे. माणसे किती कामाला आहेत यावर हे हक्क अवलंबून ठेवू नयेत.

संगणक मालकाचा आहे, वीज मालकाची आहे, ई-मेलचा पत्ताही मालकाचा आहे. हे सारे आम्हाला मान्य आहे. परंतु त्या संगणकासमोर बसलेला माणूस मालकाचा नाही. त्याला नागरिक म्हणून जी प्रतिष्ठा मिळाली ती भारतीय संविधानाने दिली आहे आणि कंपनीच्या दारात ओळखपत्र दाखविताना ती बाहेर ठेवावी लागत नाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये गिरणीच्या भिंतीवर कामगाराच्या भाषेतला फलक लावायला भाग पाडले. आज भिंतीची जागा पडद्याने घेतली आहे. त्या पडद्यावर आपल्या भाषेतला, सर्वांना सारखा नियम लावून घेणे ही आपल्या पिढीची जबाबदारी आहे.

जयभीम!